डॉल्फिनच्या भोंग्यांना लावलेलं कुंकू

"साठातले एक्कावन्न मुके आहेत, काकू," अनघा फोनवर म्हणाली. "नऊ बोलतात. बाकीच्यांत जीवच नाही."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि पेन उचललं. वाईट बातमी आली की आधी पेन उचलायचं, ही माझी नोकरीतली जुनी सवय.

"चालू असलेल्या नऊंचे नंबर सांग."

"काकू, मी होडीत उभी आहे. तांडेल माझ्याकडे बघतायत. नंबर संध्याकाळी पाठवते."

मागून एक जाड आवाज आला, "तेंका सांग, तुमची खेळणी परत घेवन जावा!"

फोन कट झाला.

ईशान, रेवा, तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल की आजी रिटायर झाल्यावर डॉल्फिन वाचवायला लागली. ते अर्धंच खरं आहे. ज्या महिन्याची ही गोष्ट आहे, त्या महिन्यात आजीने डॉल्फिन जवळजवळ बुडवले होते. नीट क्रमाने सांगते.

कोकणच्या किनाऱ्याला, खाडीच्या तोंडाशी, पाठीवर उंचवटा असलेले करडे डॉल्फिन राहतात. ते खोल समुद्रात जात नाहीत. किनाऱ्याजवळच राहतात, आणि कोळ्यांची जाळीही तिथेच असतात. ही जाळी पाण्यात पडद्यासारखी उभी राहतात. डॉल्फिन माशांच्या मागे येतो, जाळ्यात अडकतो. तो मासा नाही, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. वर येता आलं नाही की तो पाण्यातच गुदमरून मरतो. अनघा त्यांचा अभ्यास करते. तिच्या खाडीत तेव्हा अकरा उरले होते.

त्यावर एक उपाय म्हणजे पिंगर. जाळ्याला बांधायचा छोटा भोंगा. तो इतक्या बारीक आवाजात ओरडतो की माणसाला काही कळत नाही, माशांनाही नाही. पण डॉल्फिनला ऐकू येतो आणि तो जाळ्यापासून लांब राहतो. बाहेरून येणारे पिंगर कोळ्यांना परवडत नाहीत. म्हणून अनघा स्वस्तात करून देणारा कुणी शोधत होती आणि शोधत शोधत आपल्या संभाजीनगरात, वाळूजच्या एमआयडीसीत, दत्ताच्या युनिटमध्ये पोचली.

समुद्र इथून एका दिवसाच्या प्रवासावर. युनिटमध्ये समुद्र पाहिलेली माणसं तीन, त्यातली एक मी. तरी इथेच का? तर दत्ता मूळचा कन्नडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. तो विहिरीच्या मोटारीसाठी कंट्रोलर बनवतो. विहिरीतलं पाणी खाली गेलं की मोटर आपोआप बंद होते. त्यात दोन खिळे असतात. दोन्ही पाण्यात असले की करंट वाहतो, यंत्राला कळतं की पाणी आहे. पिंगरलाही हेच हवं होतं. समुद्रात पडला की चालू, बाहेर काढला की बंद. म्हणजे बॅटरी वाचते. रोज चार-पाच तास जाळ्यात राहिला तर तीन-चार महिने चालतो. सलग चालू राहिला तर वीस-बावीस दिवसांत संपतो. हा आकडा लक्षात ठेवा.

दत्ता माझ्या जुन्या कंपनीत माझ्या हाताखाली होता. त्याने स्वतःचं युनिट काढल्यावर मला आठवड्यातून तीन दिवस क्वालिटी बघायला बोलावलं. क्वालिटी म्हणजे, माल बाहेर जाण्याआधी त्यात चूक शोधणारं माणूस. घरात अशा माणसाला किरकिरी म्हणतात. कारखान्यात पगार देतात.

फोननंतर मी थेट दत्ताच्या केबिनमध्ये गेले. त्याने ऐकलं आणि डोक्याला हात लावला.

"मॅडम, समुद्राचाच काहीतरी प्रॉब्लेम असंल."

"समुद्राचा?"

"म्हंजे आपल्या ड्रममधी तर सगळे चालले व्हते ना. तुम्हीच पास केले."

हे खरं होतं. शंभरच्या शंभर पिंगर मी स्वतः तपासले होते. निळ्या ड्रममध्ये समुद्राइतकं खारट पाणी करायचं, पिंगर बुडवायचा आणि वटवाघळांचा आवाज ऐकायचं एक यंत्र असतं, ते जवळ धरायचं. त्यातून टिक-टिक ऐकू आली की पास. मीठ तोलायचं काम असेंब्लीच्या कांताबाईंकडे. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी चाखून बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, एवढ्या खारटात ते जित्राब राहतं तरी कामून?"

"मग बॅटरीचा लॉट खराब," दत्ता म्हणाला. "त्यायलाच धरू आपण."

"आधी स्टोअरमधले चाळीस बघू. मग कुणाला धरायचं ते ठरवू."

"मॅडम, तिकडं टाइम किती आहे आपल्याला?"

"पौर्णिमेपर्यंत. आठ दिवस."

पौर्णिमा का, तेही सांगते. तो जाड आवाज भिवा तांडेलांचा. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. मागच्या वर्षी त्यांच्या जाळ्यात डॉल्फिनचं पिल्लू अडकून मेलं. त्यांनी ते सुरीने जाळं कापून सोडवलं, आणि त्याची आई होडीभोवती फिरत राहिली. त्यानंतर दोन दिवस तांडेल समुद्रावर गेले नाहीत. म्हणून ते अनघाला हो म्हणाले. पण हो म्हणताना त्यांनी अट घातली होती. पौर्णिमेला मोठी भरती, तेव्हा मासा भरपूर. तोवर ही यंत्रं चालली तर माझ्या जाळ्याला राहतील, नाहीतर काढून टाकीन. आणि गावातल्या बाकी होड्या तांडेल काय करतात ते बघत होत्या. त्यांनी काढली की सगळ्यांची नाही. पुन्हा कुणी अनघाला दारात उभं केलं नसतं.

स्टोअर रफिकभाईंच्या ताब्यात. शहागंजमध्ये त्यांच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यामुळे स्क्रू हातात घेऊन ते नंबर सांगतात. शिस्त मात्र त्यांची स्वतःची. जो माल आधी आला तो आधी पाठवायचा, असा नियम मी भिंतीवर लावला आहे. रफिकभाई दाराजवळचा माल आधी पाठवतात. म्हणून पहिल्या खेपेला साठ पाठवताना एक ते चाळीस नंबर मागे राहिले होते आणि एक्केचाळीस ते शंभर कोकणात गेले होते.

त्यांनी खोका उतरवला. आम्ही दहा पिंगर काढून ड्रममध्ये टाकले. टिक नाही. आणखी दहा. टिक नाही. आणखी दहा. टिक नाही. शेवटचे दहा मी पिशव्यांतून काढलेच नाहीत.

दत्ताचा चेहरा पडला. "मॅडम, हे तर कुठं गेलेच नाय. खोक्यातच व्हते."

"आणि बॅटऱ्या संपल्यात," मी मीटर लावून म्हटलं. "खराब नाहीत. वापरून संपल्यात."

"खोक्यात बसून कोण वापरणार?"

हा प्रश्न बरोबर होता. तेवढ्यात रफिकभाईंनी दुसराच विषय काढला.

"मॅडम, आप आए हैं तो ये भी देख लो. कार्टन का क्या हाल करे चूहों ने. फिर आ गए."

"फिर म्हणजे? गेले कधी होते?"

"दसरे के बाद एक नई दिखा. दिवाली की मिठाई के डिब्बे यहीच रखे थे ना? पिछले साल आधे कुतर दिए थे. इस साल दांत तक नई लगा. मांजर भी नई दिखी. मैं बोला, चलो बला टली. अब पांच-छे दिन से फिर वहीच तमाशा."

"रफिकभाई, उंदरांचं नंतर," दत्ता वैतागला.

"थांब," मी म्हटलं. "दसऱ्यापासून नाहीत. आणि पाच-सहा दिवसांपासून परत. मधे किती दिवस झाले?"

रफिकभाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवलं. "बीस... इक्कीस."

मी खाली स्टुलावर बसले. सलग चालू राहिला तर वीस-बावीस दिवस. आणि उंदराला आणि मांजराला असा बारीक आवाज ऐकू येतो, माणसाला येत नाही. उंदीर नक्की कशाने पळाले हे मी शपथेवर सांगणार नाही, पण हिशेब बसत होता. आमचे पिंगर दसऱ्यापासून या खोलीत, कोरड्या खोक्यात, सगळे मिळून ओरडत होते. आम्ही शेजारी बसून डबा खात होतो.

"पण पाण्याबिगर चालू कसे झाले?" दत्ताने विचारलं.

संध्याकाळी अनघाचा मेसेज आला. चालू असलेले नऊ नंबर: ब्याण्णव ते शंभर. सलग.

यंत्रं सलग नंबरांनी वाचत नाहीत. सलग नंबरामागे माणूस असतो. मी रजिस्टर काढलं. पान उलटलं. एक्क्याण्णव नंबरसमोर शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "येथपर्यंत टिळा. कुंकू संपले."

आता खंडेनवमीचा दिवस सांगते. तिकडे तुम्ही दसऱ्याला सोनं वाटता तेवढंच तुम्हाला माहीत. इकडे आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. शेतात नांगराची, घरात सुरी-विळीची, कारखान्यात मशिनांची. त्या दिवशी पिंगरची पहिली बॅच पॅक होऊन निघायची होती. दत्ता म्हणाला, "एक पिंगर पाटावर ठेवू आणि पूजा करू."

मी म्हटलं, "शंभरातल्या एकाची? बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय?"

"मॅडम, देव काय सॅम्पल बघून बॅच पास करतो का?"

"मी पण करत नाही. करायची तर सगळ्यांची करायची, नाहीतर एकाचीही नको."

सगळे हसले, पण माझ्यापुढे कोण बोलणार. शंभर पिंगर टेबलावर ओळीत मांडले. कांताबाईंनी हळद-कुंकू कालवलं. नळाचं पाणी पूजेला नको, म्हणून फोडलेल्या नारळाच्या पाण्यात कालवलं. पहिला टिळा वयाने मोठी म्हणून मला लावायला सांगितला. पिंगर केळ्याएवढा, पिवळा. त्याच्या एका टोकाला ते दोन चकचकीत खिळे. बघितलं की दोन डोळेच वाटतात. टिळा कुठे लावायचा हा प्रश्नच नव्हता. मी दोन डोळ्यांच्या बरोबर मधे लावला. एवढ्यावर थांबले असते तर एकच पिंगर गेला असता. पण बाकीच्या बायका कुठेही बोट टेकवायला लागल्या, तेव्हा मीच ओरडले, "वाकडातिकडा नको! या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत, नीट, ठसठशीत!"

नारळाच्या पाण्यातून करंट उत्तम वाहतो. आणि टिळा वाळायच्या आत आम्ही पिंगर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील केले. ओल आतच राहिली. यंत्राला वाटलं, समुद्र आला.

मी न उघडलेल्या दहांतली एक पिशवी उघडली. टिळा अजून दमट होता. मीटर लावून खात्री केली आणि दत्ताला बोलावलं.

तो त्या लाल टिळ्यावर वाकला. मग हळूच म्हणाला, "मॅडम, रिपोर्टमधी काय लिहायचं?"

माल बिघडला की गिऱ्हाइकाला एक रिपोर्ट द्यावा लागतो. त्यात रूट कॉज नावाचा रकाना असतो, म्हणजे दोषाचं मूळ कारण. मी तिथे लिहिलं: "क्वालिटी प्रमुखांच्या सूचनेवरून दोन्ही सेन्सर-पिनांना जोडणारा कुंकवाचा ओला टिळा."

"हे पाठवायचं?"

"मग काय बॅटरीवाल्याचं नाव घालायचं? त्याच्या बॅटऱ्यांनी तर एकवीस दिवस इमानाने काम केलं."

"लोक हसतील वो."

"हसू देत. सुधारणेच्या रकान्यात काय घालू ते सांग."

तो बिचारा गडबडला. "म्हंजे आता पूजा बंद करायची?"

कांताबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं की नारळाच्या पाण्याचा आळ त्यांच्यावर येणार. त्या एकदम म्हणाल्या, "बंद कशाला? शेपटाकडून लावू."

"शेपटीला कुणी कुंकू लावतं का?" दत्ता म्हणाला.

"मंग खोक्याला लावू. लेकरू पाळण्यात असलं तर पाळण्याला बी लावत्यातच की."

मी लिहिलं: "यापुढे टिळा बाहेरच्या खोक्यावर." सही केली आणि अनघाला पाठवलं. दोन मिनिटांनी तिचा फोन आला. पलीकडून नुसता हुंदक्यासारखा आवाज येत होता. हसत होती की रडत होती, ते मला आजही ठाऊक नाही. शेवटी म्हणाली, "काकू, हे तांडेलांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

शेजारच्या गल्लीत पाण्याचे मीटर बनवणारं एक युनिट आहे. त्यांच्याकडे आमच्याच मापाच्या बॅटऱ्या असतात. त्यांनी त्यांच्या ऑर्डरमधल्या काढून दिल्या. दोन दिवसांत चाळीस पिंगर स्पिरिटने पुसून, नवी बॅटरी घालून, ड्रममध्ये टाकून पास केले. बाकीच्या एक्कावन्नांच्या बॅटऱ्या पिशवीत घेतल्या. झाकण उघडून बॅटरी बदलण्यात कांताबाईंचा हात सगळ्यात वेगवान, म्हणून त्यांनाही गाडीत घेतलं. दत्ता गाडी चालवायला. घाट उतरताना कांताबाईंनी तीनदा विचारलं, "बाई, आला का?" चौथ्यांदा विचारलं नाही. समोर आला होता. त्या म्हणाल्या, "ह्याच्यापुढं आपला ड्रम लई कमी पडला की हो!"

तांडेल पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. वर न बघता म्हणाले, "तुमी ती खेळणी करतास?"

"हो."

"तुमच्या थंय समुद्र आसा?"

"नाही."

"डॉल्फिन बगलास कधी?"

"नाही."

"बरां," ते म्हणाले आणि गाठ मारायला लागले.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पूजा, टिळा, पिशवी. दत्ता जमिनीकडे बघत होता. मी थांबल्यावर तांडेलांनी सुई खाली ठेवली.

"कुकू लावलास म्हणान बिघडला?"

"हो. चूक माझी."

"सांगणारे लय येतत, बाये," ते म्हणाले. "मशीन चांगला, तुमका वापरूक येणा नाय, असाच सांगतत सगळे." मग हात पुढे केला. "आवाज दाखवा."

बादलीत समुद्राचं पाणी आणलं. पिंगर टाकला. ते वटवाघळांचं यंत्र त्यांच्या कानाशी धरलं. टिक, टिक, टिक. तांडेलांनी डोळे मिटून ऐकलं. मग यंत्र बायकोच्या कानाला लावलं, मग शेजाऱ्याच्या. पाच मिनिटांत पडवीत गर्दी झाली.

कांताबाईंनी मांडी घालून एक्कावन्न झाकणं उघडायला घेतली. तेवढ्यात तांडेलांची बायको आतून कुंकवाची कुयरी घेऊन आली. नवीन वस्तू पहिल्यांदा समुद्रावर जाणार, कुंकू लावायलाच हवं. कांताबाई पिंगरांवर दोन्ही हात पसरून आडव्या झाल्या.

"ओ ताई! त्यायला नका! लावायचंच तर मला लावा!"

तिने लावलं. मलाही लावलं. दत्ताच्या कपाळाला तर इतकं ठसठशीत लावलं की मला मीटर आठवला.

शंभर पिंगर पौर्णिमेच्या आदल्या दुपारी जाळ्यांवर चढले. दुसऱ्या दिवशी पहाट उलटून उजाडल्यावर तांडेलांनी आम्हाला होडीत घेतलं. खाडीच्या तोंडाशी जाळी सोडली. अनघा दुर्बीण घेऊन उभी. काल याच वेळी, याच जागी, सगळे अकरा होते, ती म्हणाली. आम्ही बघत बसलो. एक तास. दोन तास. पाणी, पाणी आणि पाणी. दत्ताला होडी लागली. कांताबाई हिरमुसल्या.

"एवढ्या लांबून आलो आन् एक बी दिसंना!"

तांडेल मात्र खूश होते. जाळं ओढलं तर मासा भरपूर होता आणि दुसरं काही नव्हतं.

"म्हणजे चाललं ना?" मी अनघाला विचारलं.

"एका दिवसावरून काही म्हणता येत नाही, काकू."

तिचं हे उत्तर मला फार आवडलं. माझ्या हाताखाली असती तर पहिल्याच वर्षी प्रमोशन दिलं असतं. पिंगर हा काही रामबाण उपाय नाही, हेही तिने त्याच होडीत सांगितलं. डॉल्फिन आवाजाला सरावू शकतात, मोठ्या बोटींची जाळी वेगळी, खाडीत येणारी घाण वेगळी. पण तांडेलांनी पिंगर काढले नाहीत, आणि पुढच्या महिन्यात बाकीच्या होड्यांनी आमच्याकडे मागणी नोंदवली.

मे महिन्यात, होड्या किनाऱ्याला ओढल्यावर, अनघाचा रिपोर्ट आला. दोन ओळींचा होता. पिंगर लावलेल्या जाळ्यांत मृत्यू नाही. सीझनच्या सुरुवातीला अकरा, शेवटी अकरा.

दत्ताने तो दोनदा वाचला. "मॅडम, म्हंजे काहीच झालं नाय की."

आमच्या धंद्यात याहून चांगला रिपोर्ट येत नाही. मी त्यावर तारीख घातली, सही केली आणि फाइलला लावला.